वाट पायांनी राखावी लागते

कोकणात नुसत्या ‘रस्ता’ या शब्दावर भागत नाही. दोन गडग्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट ती पाणंद. जांभ्याचे चिरे आणि धोंडे बसवून बांधून काढलेली, चढावर जिच्या पायऱ्या होतात ती पाखाडी. डोंगराच्या अंगावरून सरळ वर काढलेली चढण ती घाटी. वहाळ ओलांडायला टाकलेला तो साकव, आणि गुरे आगरात शिरू नयेत म्हणून गडग्याच्या तोंडाशी आडव्या काठ्या सरकवलेल्या असतात ते बेडे. माणूस डोक्यावर ओझे घेऊन पायी चालत होता, तेव्हाचे हे शब्द आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात साठी उलटलेल्या माणसाला ते सारे ठाऊक असतात. त्याच्या नातवाला त्यांतले दोन आले तरी पुष्कळ.

वस्तू गेली की शब्द जायचाच, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. परंतु इथे वस्तू अजून पुरती गेलेली नाही. सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या पाखाड्या गावोगाव शिल्लक आहेत. प्रश्न एवढाच, की त्यांच्यावरून आता जायचे कोणी? त्याचे एक उत्तर सुचते, ते काहींना विचित्र वाटेल. गावातल्या पोरांनी त्यांच्यावरून धावावे.

वाट सरळ, रस्ता वळशाचा

या जिल्ह्याची ठेवणच अशी, की सपाट चार पावले सलग मिळणे कठीण. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, मधल्या पट्ट्यात जांभ्याचे उघडे सडे आणि सड्यांना चिरत गेलेल्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी यांसारख्या नद्या. वस्ती बहुधा सड्यावर नाही आणि खाडीच्या पाण्यालगतही नाही. ती मधल्या उतारावर, झाडांच्या सावलीत, पाण्याच्या सोयीने वसलेली. त्यामुळे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचे म्हणजे एक उतरण आणि एक चढण ठरलेली. पाखाडी ही चढण सरळ अंगावर घेते. गाडीरस्त्याला ते जमत नाही, तो वळसे घेत जातो. पायाने पंधरा मिनिटांवर असलेली वाडी रस्त्याने काही किलोमीटर दूर पडते, ती यामुळेच.

त्या काळी माणसे या वाटांनी किती चालत, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. पुढे महर्षी झालेले धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक, वाटेत सह्याद्री चढायचा, आणि हातात दिवस मोजके. एवढे करून पोचल्यावर, वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. कर्व्यांची जिद्द सांगताना ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सतरा वर्षांचा एक मुलगा भर पावसात समुद्रकाठावरून घाटमाथ्यावर चालत जाऊ शकत होता, कारण तेवढी सलग वाट पायाखाली होती.

आता चित्र उलटले आहे, आणि ते चांगल्यासाठीच उलटले. लांजा तालुक्यातले माचाळ हे विशाळगडाच्या शेजारचे, डोंगरमाथ्यावरचे गाव. अगदी अलीकडेपर्यंत तिथे पोचायचे तर डोंगर पायी चढावा लागे. अशा गावांतून आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणताना काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते रस्त्याला नावे ठेवणार नाहीत. रस्ता हवाच. तक्रार रस्त्याबद्दल नाहीच; रस्ता आल्यावर वाटेचे काय झाले, याबद्दल आहे.

वीस वर्षांचा हिशेब

वाट मोडते कशी? पहिली दोन-तीन वर्षे काहीच दिसत नाही. मोटारसायकल दाराशी येते, पाखाडीवरची वर्दळ घटते. एका पावसाळ्यात कडेचे रान आत येते, दुसऱ्यात करवंदीची जाळी वाट अडवते. घाणेरी एकदा शिरली की निघत नाही. गडग्याचा एखादा धोंडा ढासळून पाखाडीवर पडतो, तो उचलायला कोणी नसते. घरातली माणसे मुंबईला, घराला कुलूप, ते गणपतीत आणि शिमग्यात उघडणार. मग जमीन विकली जाते. नवा मालक दूरचा. त्याच्या लेखी ही वाट म्हणजे आपल्या बागेतून जाणारी लोकांची घुसखोरी. तो चिऱ्यांचे कुंपण घालतो, लोखंडी फाटक बसवतो, आणि वाट संपते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्या घराकडे किंवा शेताकडे जाण्याची वहिवाट उघडपणे, शांतपणे, हक्काने, खंड न पडता वीस वर्षे चालली, तर तो हक्क ठरतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कायद्याची दुसरी बाजू कमी जणांना ठाऊक असते. अशी वाट सलग वीस वर्षे कोणी वापरली नाही, तर तो हक्क विझतो. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; पण तीही अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ज्याचे घर बंद आहे आणि जो वर्षातून दोनदा गावी येतो, त्याला वाट अडवल्याचे कळेपर्यंतच सहा महिने निघून जातात.

रस्ते झपाट्याने आले ते गेल्या पिढीत. म्हणजे कित्येक पाखाड्यांच्या बाबतीत हा वीस वर्षांचा हिशेब आजच चालू आहे.

झागोरी आणि स्पेन

युरोपच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलुखात हेच सारे आपल्या आधी घडले. गावे ओस पडली, खेचरांच्या वाटा रानात बुडाल्या. ग्रीसच्या वायव्येला एपिरस प्रांतात झागोरी नावाचा डोंगरी गावांचा प्रदेश आहे. तिथले व्राडेटो हे गाव म्हणजे त्यांचे माचाळच. हजाराहून अधिक पायऱ्यांची, कड्याला चिकटून नागमोडी चढणारी दगडी वाट, एवढाच त्या गावाचा जगाशी संबंध होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गाडीरस्ता पोचला. पायऱ्या मात्र राखल्या गेल्या. आज त्या परिसरात दर उन्हाळ्यात जुन्या वाटांवरून डोंगरी धावण्याची मोठी स्पर्धा भरते, आणि २०२३ मध्ये झागोरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

चुन्या-सिमेंटशिवाय दगडावर दगड रचून गडगा घालण्याची विद्याही युनेस्कोने २०१८ मध्ये ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्स, क्रोएशिया आदी आठ देशांच्या नावे अमूर्त वारसा म्हणून नोंदली. आपल्याकडे गडगा घालणारा हात आजही सापडतो, परंतु त्याला आपण मजूर म्हणतो.

स्पेनने तर याहून पुढचे पाऊल टाकले. मेंढपाळांच्या जुन्या वाटांचे तिथे सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास जाळे आहे. १९९५ च्या कायद्याने त्या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरल्या. त्या विकता येत नाहीत, आणि कितीही वर्षे वापर नसला तरी त्यांच्यावरचा लोकांचा हक्क बुडत नाही. मेंढ्या कमी झाल्या म्हणून त्याच कायद्याने पायी फिरणे आणि घोड्यावरून जाणे हेही त्या वाटांचे रास्त उपयोग मानले. आपल्याकडे असा कायदा नाही. तोवर वाट पायांनीच राखावी लागणार.

धावणारे आहेतच

रत्नागिरीत धावतो कोण, असे कुणी विचारील. पहाटे पाच वाजता कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन पाहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतील. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सैन्यभरतीलाही साधारण तेवढेच अंतर, वेळ मात्र कडक. यांना मैदान नसते, म्हणून ती रस्त्यावर येतात. काळोखात, मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत धावतात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते, सिंहगड-राजगड-तोरणा अशा गडवाटांवरही स्पर्धा होते. तिथे शहरांतून माणसे पैसे भरून चढ शोधायला येतात. आमच्या पोरांच्या घरामागे तो चढ फुकट आहे.

आठवड्यातून दोन दिवस पाखाडी चढून सड्यावर जायचे, सड्यावरून शेजारच्या गावापर्यंत धावायचे, दुसऱ्या घाटीने उतरायचे. पोटरी, मांडी, छाती यांना यापेक्षा चांगला व्यायाम नाही. वेळ साधण्यासाठी सपाट मैदानाचा सराव लागेलच, तो सोडू नये. परंतु दम डोंगरावर कमवावा लागतो. शिवाय कोयता हाती घेऊन वाट बेणून काढण्यात जो व्यायाम होतो तो वेगळाच.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते, तेव्हा उतरणीला धावणे म्हणजे पाय मोडून घेणे. चैत्र-वैशाखात कातळ तापतो, सड्यावर सावलीचे नाव नसते. खरा हंगाम भातकापणीनंतरचा, दिवाळी ते होळी. सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या शोधकांनी गावकऱ्यांना विचारत, सडे पायी तुडवून त्यांतली कित्येक उजेडात आणली. त्या रेघांवरून कुणी बूट घालून जाऊ नये, की वाट दाखवण्यासाठी कातळावर रंगाचे बाण काढू नयेत. सह्याद्रीच्या माथ्याकडच्या, चोरवणे वा शृंगारपूरच्या बाजूच्या वाटा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला भिडतात. तिथे वनखात्याच्या परवानगीविना जायचे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वहिवाटीचा हक्क त्या वाटेने आपल्या घरा-शेताकडे जाणाऱ्याचा असतो, पाहुण्या धावपटूचा नसतो. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनी येऊन एका रविवारी धावून जाण्याने वाट वाचणार नाही. ती गावाने वापरली पाहिजे.

पालखीचा धडा

गावाने ठरवले तर वाट कशी टिकते, हे कोकणाला शिकवावे लागत नाही. गणपतीपुळ्याला डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. सुमारे एक किलोमीटरची ती फरसबंदी वाट कधी रानात बुडाली नाही. मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीची पालखी मार्लेश्वराशी लग्नासाठी डोंगरातून पायी जाते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते ती ठरल्या वाटेने. त्याआधी गाव जमते, रान साफ करते, ढासळलेला धोंडा जागेवर बसवते. त्या दिवशी पालखीपुढे कोणी कुंपण घालून दाखवावे!

पालखी वर्षातून एकदाच येते, आणि सगळ्याच वाटांनी जात नाही. उरलेल्या वाटांना दुसरा कुणीतरी भोई हवा. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. शाळेच्या मास्तरांनी आणि भरतीच्या पोरांनी तो नकाशा मिळवावा, त्यावरची एकेक तुटक रेषा प्रत्यक्ष पायाखाली घालून पाहावी, जी अडली असेल ती ग्रामसभेत सांगावी. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत ‘पाखाडी बांधणे’ आजही असते. ते काम निघेल तेव्हा सिमेंट ओतण्याऐवजी जांभाच बसवा म्हणावे, पाणी जिरते आणि पायाला धर मिळतो. दिवाळीनंतर वाडी-वाडीची एक शर्यत लावावी, बक्षिसाला नारळ पुरे.

नारळ कोणीही जिंको. त्या सकाळी पन्नास जोड पाय पाखाडीवरून गेले, ते सगळ्या गावाने पाहिले, म्हणजे वीस वर्षांचा तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.