खाऱ्या जमिनीचे अदृश्य सोबती

सुरतेहून ओलपाड तालुक्यातून खंबायतच्या आखाताच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे उसाची हिरवी शेते हळूहळू मागे पडतात आणि मिठागरे, कोळंबीची तळी व पांढुरके पडलेले ओसाड माळ दिसू लागतात. गांधीजींनी १९३० साली ज्या दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले, ती दांडीही त्या काळी सुरत जिल्ह्यातच मोडत असे. त्या मिठाचा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या वावरात मीठ न बोलावता येऊन बसते, त्याची हकीकत क्वचितच कोणी लिहितो. जुन्या करारात अबीमलेखाने शखेम नगर उद्ध्वस्त करून त्यावर मीठ पेरल्याचे वर्णन आहे. मिठाने जमीन नापीक होते, हे त्या काळच्या लोकांनाही चांगले माहीत होते.

सुरतेकडे ही आपत्ती दोन वाटांनी येते. एक समुद्राची, भरतीचे पाणी खाड्यांतून आत शिरते. दुसरी वाट मात्र माणसाने स्वतःच उघडली. काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, आणि तापीचे पाणी कालव्यांनी शेतोशेती पोहोचले. काळी, चिकण जमीन; त्यात उसाला सढळ हाताने पाणी; आणि निचऱ्याची सोय नाही. मग खालच्या पाण्याची पातळी वर चढते, पाणी उन्हाने उडून जाते व क्षार पृष्ठावर राहतात. उसाचे वैभव आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला पाण्याचा लोभ आवरत नाही, त्याच्या शेताचा तळ कालवा हळूहळू खारट करतो, हे सांगितलेच पाहिजे.

खाऱ्या मातीत पाणी असूनही पीक तहानेने मरते. मातीतील पाणी इतके खारट असते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय सोडियम पिकाच्या अंगात शिरून पोटॅशची जागा बळकावतो. सर्वच पिके सारखी नाजूक नसतात. मातीच्या अर्काची क्षारता विद्युतवाहकतेने मोजतात. ऊस साधारण १.७ या आकड्यालाच कुरकुरू लागतो, तर कापूस सुमारे ७.७ पर्यंत तग धरतो. कोकणातील खारजमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' अशा भाताच्या जाती काढल्या आहेत. जेथे काहीच येत नाही अशा काळ्या खारट जमिनीत खारे पिलू येते. त्याच्या बियांचे तेल खाण्याचे नसले तरी साबणाच्या उपयोगी पडते.

यापुढची गोष्ट आमच्या मते अधिक नवलाची आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर, भरतीच्या चिखलात, सॅलिकोर्निया नावाची एक वनस्पती उगवते. तिला पाने जवळजवळ नाहीतच. नुसती सांध्यासांध्यांची मांसल हिरवी कांडी. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की, ही एकटीच हे सारे सोसते, की तिला कोणाची साथ आहे? तिच्या मुळांशी त्यांना अनेक जिवाणू आढळले. त्यांतील एक जाती शास्त्राला अगदीच नवी होती, तिचे 'ब्रॅकिबॅक्टेरियम सौराष्ट्रेन्स' असे नामकरण २०११ साली झाले. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे जिवाणू भुईमुगास दिले असता, मीठ घातलेल्या माध्यमातही रोपे अधिक जोमाने वाढली.

हे घडते कसे? ताण पडला की पिकाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू वाढतो व मुळांची वाढ खुंटते. या जिवाणूंपैकी काहींजवळ असे एक विकर असते की ते इथिलीन ज्यापासून बनते तो पदार्थच मोडून टाकते. मुळे वाढत राहतात. काही जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, काही अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात, आणि काही आपल्याभोवती बुळबुळीत आवरण करून सोडियमचा काही अंश धरून ठेवतात.

आता सावधगिरीची गोष्ट. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने 'हॅलो-ॲझो' व 'हॅलो-पीएसबी' अशी संवर्धके तयार केली आहेत. परंतु गंगेकाठची चोपण जमीन निराळी आणि ओलपाडची समुद्रकाठची माती निराळी. तेथे जे लागू पडले ते येथे पडेलच, असे गृहीत धरून कोणी सबंध शेतावर पैसा ओतू नये. एका कोपऱ्यात दोन वाफे करावेत, एकात संवर्धक व दुसऱ्यात नाही, आणि पीक स्वतः मोजावे. बाजारात बाटल्या पुष्कळ मिळतात. मुदत संपलेल्या व उन्हात तापलेल्या बाटलीत जिवंत असे फारसे उरत नाही. जिवाणू मीठ खाऊन टाकीत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. ते पिकाला सोसण्याचे बळ देतात. मीठ घालवायचे तर निचराच हवा. सुरत जिल्ह्यातील सेगवा येथे नेदरलँड्सच्या सहकार्याने उसाच्या शेतांखाली सच्छिद्र नळ्या पुरून खारे पाणी बाहेर काढण्याचे प्रयोग झाले, ते याच कारणासाठी. जमीन गेली की लहान खातेदार प्रथम मोडतो आणि त्याचा मुलगा सुरतेच्या मागांवर उभा राहतो. उधना-लिंबायतच्या चाळींत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आहेत, त्यांतील कित्येकांना शेती सोडण्याचे दुःख निराळे सांगावे लागत नाही.

ज्यांना प्रयोग करावयाचा आहे त्यांनी आधी माती तपासून घ्यावी. उन्हाळ्यात, पावसापूर्वी, क्षार वर आलेले असताना नमुना घ्यावा. वरची वीतभर माती एका पिशवीत व त्याखालची दुसऱ्या पिशवीत, निरनिराळी भरावी. जमीन खारवट आहे की चोपण, हे कळले पाहिजे, कारण जिप्सम चोपण जमिनीला लागते. निव्वळ खारवट जमिनीत ते टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. भर पावसाळ्याच्या आधी धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतही जिवाणूच राबतात, आणि ते फुकट. बियाण्यास संवर्धक लावताना दहा किलोला अडीचशे ग्रॅम गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीचे औषध लावावयाचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.