गुटगुटीत म्हणजे सुदृढ नव्हे

लठ्ठपणा हा बंगल्यातल्या मुलांचा आजार, आपल्या वस्तीत तो कुठून येणार, असे आपण समजत आलो. आपल्या आजी-आजोबांनी उपासमार सोसली. म्हणून नातवंडाचे गाल वर आले की घराला समाधान वाटते. पण काळ बदलला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते की, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्याच वेळी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. म्हणजे कुपोषण गेले नाही आणि लठ्ठपणाही येऊन बसला.

आपल्या देशात लठ्ठ मुले आजही खात्यापित्या घरांत जास्त आहेत. श्रीमंत देशांत मात्र गरीब वस्त्यांतली मुले अधिक लठ्ठ आहेत, कारण मैदा, साखर आणि तेल यांनी स्वस्तात पोट भरते. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव पट्ट्यात कंपन्या आल्या. आई-वडील दोघेही पाळीवर गेले की मुलाच्या हातात दहा रुपये राहतात आणि समोर पुड्यांच्या माळा लटकलेले दुकान असते. यात आईचा दोष नाही. वेळ आणि पैसा दोन्ही कमी असले की असे होते.

आपल्या मुलांना धोका अधिक का, हे पुणे जिल्ह्यातच अभ्यासले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील माता व बाळांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ती सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. असे अशक्त जन्मलेले मूल पुढे झपाट्याने जाड झाले, तर त्याला मधुमेह लवकर गाठू शकतो.

घरी एक तपासणी करा. पाच वर्षांवरील मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती दुमडून अर्धी करा आणि बेंबीजवळ कमरेभोवती गुंडाळा. टोके एकमेकांना भिडली नाहीत, तर कंबर जास्त आहे. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर तो मळ समजून घासू नका. शरीरातील इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाला दवाखान्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक अंगणवाडीत, शाळेत येते तेव्हा मुलाला हजर ठेवा.

लठ्ठ मुलाला उपाशी ठेवू नका, ‘जाड्या’ म्हणून हिणवू नका. खाणे बदला, तेही सगळ्या घराचे. पाव लिटर थंड पेयात पाच-सहा चमचे साखर असते. मोठ्या माणसानेही दिवसभरात तेवढीच साखर खाल्ली तर उत्तम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पुडीच्या पैशांत अंडे, फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे येतात. भाकरी, डाळ, पालेभाजी, सुकट, बोंबील हे आपले जुने जेवण कमी दर्जाचे नाही. गरोदर बाईच्या ताटात दूध, अंडी, मासळी आधी वाढा. मुलांना रोज तासभर पळू द्या. जागा नसेल तर संध्याकाळी विहाराचे अंगण आहेच.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची आहे. शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि हा नियम आपल्या शाळेत पाळला जातो का, ते विचारा.