सड्यावरचा निळा पंखा

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पावसाळ्यात धुक्यात बुडालेला हा सडा एप्रिलमध्ये पार भाजून निघालेला असतो. करपलेलं गवत, तापलेला जांभा, डोक्यावर घरघरणाऱ्या पवनचक्क्या. सकाळी ऊन चढू लागलं की एखाद्या उंच दगडावर नजर ठेवून नुसतं बसून राहायचं.

आधी मातकट रंगाचा एक सरडा वर चढतो. बोटभर अंग, त्याहून लांब शेपूट, मागच्या पायाला चारच बोटं. थोडा वेळ अंग शेकून घेतो, कारण त्याला ऊब उन्हाकडूनच घ्यावी लागते. मग पुढचे पाय ताठ करून मान उंचावतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. मोरपिशी निळा, काळा, शेंदरी! मिटतो, पुन्हा उघडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

जिभेच्या मुळाशी एक बारीक सांगाडा असतो. त्याची काडी खाली झुकली की छत्रीसारखं कातडं ताणलं जातं. त्यातली निळाई कुठल्या रंगद्रव्याची नाही. कातडीच्या पेशींतले सूक्ष्म स्फटिक प्रकाशातला निळा तेवढा परत फेकतात, म्हणून मान जरा वळली की छटा पालटते.

हा सगळा थाट पावसाळ्याआधीच्या विणीच्या दिवसांतला आणि फक्त नराचा. मादी मातीत मिसळून बसलेली असते. समोर असूनही दिसत नाही.

2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी याला वेगळी जात ठरवलं आणि नाव दिलं ‘सराडा सुपर्बा’. प्रजातीचं नाव थेट आपल्या ‘सरडा’ या शब्दावरून! आजी अंगणात जो शब्द उच्चारायची तोच जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेला, याचा मला फार आनंद वाटतो.

पण उघड्या माळावर गळ्याचा असा झेंडा फडकवणं म्हणजे मादीबरोबर शिकारी पक्ष्यालाही आमंत्रणच. इथेच पवनचक्क्यांची गोष्ट येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास करून 2018 साली निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणसाला अधिक जवळ येऊ देऊ लागले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. मात्र ते अंगाने रोडावले होते आणि गळ्यातले रंग फिके पडले होते. एवढ्याशा जागेत खाणारी तोंडं वाढली, की त्याची झळ त्या निळ्या-शेंदरीपर्यंत पोचत असावी.

पवनचक्कीच्या पात्याची सावली दगडावरून सरकत जाते. आपण दचकून वर बघतो. सरडा जागचा हलत नाही. मान उंचावतो आणि पंखा उघडतो.