गच्चीवरची वीज आणि तिचा भाव

विजेच्या दराचा विषय रुक्ष वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु वसई-विरारमध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांना दरमहा महावितरणचे बिल येते, आणि लिफ्ट, पाण्याचा पंप व जिन्यातले दिवे यांचे बिलही मेंटेनन्समधून आपणच भरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीजपुरवठ्याच्या धोरण समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा वीज कोण तयार करतो आणि तिचा भाव कसा ठरतो, हा आपलाही प्रश्न आहे.

हमी दर म्हणजे काय?

शेतमालाला जसा हमीभाव, तसा विजेला हमी दर. इंग्रजीत त्याला ‘फीड-इन टॅरिफ’ म्हणतात. ऊन, वारा किंवा उसाचे चिपाड यांपासून वीज तयार करणाऱ्याने ती वीजवाहिनीत सोडावी आणि वीज कंपनीने ती ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीपर्यंत विकत घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीत असा कायदा १९९१ मध्ये अमलात आला. २००० च्या नव्या कायद्याने तेथे वीस वर्षांच्या दराची हमी मिळाली. त्यामुळे शेतकरी आणि लहान सहकारी संस्थाही वीज उत्पादक झाल्या.

मुदतीची हमी का हवी? बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्हा मंडळींचा पहिला प्रश्न असतो, हप्ता कशातून भरणार? उत्पन्नाचा भरवसा नसेल तर बँक हात आखडता घेते. मोठ्या कंपनीजवळ स्वतःचे भांडवल असते, ती भावातील चढउतार सोसू शकते. लहान संस्थेला ते परवडत नाही. म्हणून हमी दराची खरी गरज लहानालाच असते.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या पवन ऊर्जा प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे दर ठरवला. त्यात दरवर्षी १५ पैशांची वाढ आणि १३ वर्षांचा करार होता. म्हणजे शेवटच्या वर्षीचा दर ५ रुपये ३० पैसे, हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते. पुढे लिलावाची पद्धत आली. २०१७ च्या पहिल्या देशव्यापी पवन लिलावात भाव ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु लिलावात उतरण्याची ताकद मोठ्यांचीच असते.

लहानांनी काय करावे, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या काही शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापली. सौर पंपाची उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने घेण्याचा २५ वर्षांचा करार तेथील सरकारी वीज कंपनीने त्यांच्याशी केला. वीज विकता येते म्हटल्यावर विनाकारण पाणी उपसण्याचा मोहही कमी होतो.

आपल्या गच्चीचे काय?

शहरातील ग्राहकासाठी मुख्य सोय आहे ती ‘नेट मीटरिंग’ची. आपल्या राज्यात आयोगाने त्याचे नियम २०१५ मध्ये केले व २०१९ मध्ये नव्याने केले. हे बँकेच्या पासबुकासारखे आहे. दिवसा गच्चीवरील पॅनेलची जास्तीची वीज जमा होते, रात्री वापरलेली खर्ची पडते, आणि फरकाचे बिल येते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटना मात्र आपण भरतो त्याहून कमी भाव मिळतो. म्हणून संच आपल्या वापराएवढाच बसवावा, विक्रीच्या आशेने मोठा बसवू नये.

एक किलोवॉटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यापासून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. दहा किलोवॉटच्या संचाचे महिन्याला सुमारे १,२०० युनिट होतात. पावसाळ्यात उत्पादन घटते, ते धरूनच हिशेब करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठेवले आहे. म्हणजे दहा किलोवॉटला १ लाख ८० हजार रुपये. योजनेची मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे.

मात्र घाई करू नये. प्रथम इमारतीची मजबुती आणि गच्चीची गळती तपासून घ्यावी. सर्वसाधारण सभेचा ठराव करावा. आपल्याकडची हवा खारी आहे, तेव्हा सांगाडा गंजणारा नको.

ज्यांना गच्चीच नाही

आता खरा प्रश्न. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या हक्काचे छप्पर नाही. अनुदान छपराला मिळणार असेल, तर ही कुटुंबे कायमची बाहेर राहणार काय? दिल्लीच्या वीज आयोगाने २०१९ मध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वे केली की, एका जागी उभारलेल्या संचाची वीज अनेक भागीदारांच्या बिलांत वाटून वजा करता येते. संच एखाद्या मोकळ्या छपरावर आणि लाभ पन्नास घरांना, असा त्याचा अर्थ. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात चाळकऱ्यांना हा मार्ग खुला व्हावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

वीज कायदा २००३ नुसार दर ठरवण्यापूर्वी आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्या सुनावण्यांत मोठ्या ग्राहकांचे वकील बोलतात. आपण मात्र बिल भरून गप्प बसतो. आमची विद्यार्थी मित्रांना विनंती आहे की, त्यांनी घरचे बिल एकदा ओळीने वाचावे, स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार यांचा अर्थ समजून घ्यावा, आणि तो वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावा. हिशेब कळला म्हणजे मागणी नेमकी काय करायची, हेही कळेल.