आधी नंबर कोणाचा?

स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पडद्यावर परफॉर्मन्स ओव्हरले चालू केला, की कोपऱ्यात एक बारीक रेघ पळायला लागते. मँगोहड नावाचं साधन काढत असलेला हा फ्रेम-टाइमचा आलेख. प्रत्येक फ्रेम तयार व्हायला किती मिलिसेकंद लागले, ते त्यात उमटतं. सगळं सुरळीत असेल तर रेघ सपाट असते. शेड्यूलर म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसर केव्हा द्यायचा, हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग. त्याची चाचणी घेणाऱ्यांची नजर एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याच्या, मोठ्या आकड्यापेक्षा या रेघेवर जास्त असते.

त्याला कारण आहे. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला 16.67 मिलिसेकंद येतात. 144 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर सातसुद्धा नाहीत. आता समजा, एका सेकंदात 58 फ्रेम प्रत्येकी 16 मिलिसेकंदांत झाल्या आणि एकच फ्रेम 72 मिलिसेकंद अडकली. आकडा 59 एफपीएस दाखवेल, पण खेळणाऱ्याला नेमका तो एक झटका जाणवेल. 2011 मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसनने सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली, ती यासाठीच. आज कुठलीही गंभीर चाचणी ‘1 टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, दिल्याशिवाय पुरी होत नाही.

चाचणीची रीत साधी आहे. मशीनवर फक्त गेम चालू असेल, तर एक शेड्यूलर काढून दुसरा लावला तरी फारसं काही बदलत नाही. काम बहुतेक ग्राफिक्स कार्डापाशी तुंबलेलं असतं आणि प्रोसेसरचे कोअर मोकळेच असतात. म्हणून चाचणी घेणारा मुद्दाम गर्दी करतो. मागे लिनक्स कर्नलचं कंपाइल सुरू करायचं, तेही सगळे कोअर भरतील इतक्या समांतर कामांनी, आणि पुढे गेम खेळत राहायचं. सपाट रेघेला करवतीसारखे दाते फुटतात.

हे दाते येतात कुठून? गेमची एक फ्रेम एका थ्रेडचं काम नसते. कंट्रोलरचं बटण दाबलं, की गेमचा मुख्य थ्रेड हिशोब करतो, रेंडर थ्रेडला जागं करतो, तो ड्रायव्हरला काम देतो आणि शेवटी कंपोझिटर चित्र पडद्यावर नेतो. विंडोजचा गेम प्रोटॉनमधून लिनक्सवर चालत असेल, तर मधल्या वाटेत आणखी एखादा थांबा वाढतो. यातला प्रत्येक जण क्षणभर काम करतो, पुढच्याला उठवतो आणि झोपतो. उठलेल्याला लगेच कोअर मिळाला तर उत्तम. तिथे कंपायलर बसला असेल आणि चार ठिकाणी तीन-तीन मिलिसेकंद थांबावं लागलं, तर सोळापैकी बारा मिलिसेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात.

इंगो मोलनारचा सीएफएस हा शेड्यूलर 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.23 आवृत्तीत आला. त्याचं तत्त्व पंगतीत वाढणाऱ्यासारखं: ज्याच्या पानात आतापर्यंत सर्वांत कमी पडलंय, त्याच्याकडे आधी वळायचं. वाटणी चोख, पण कोणाला किती घाई आहे, हे सांगायची सोय त्यात नव्हती. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 6.6 आवृत्तीत त्याची जागा ईईव्हीडीएफने घेतली. आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली ही पद्धत पीटर झाइल्स्ट्राने कर्नलमध्ये आणली. वाटा सगळ्यांना सारखाच. मात्र वेळेचा छोटा तुकडा मागणाऱ्याची मुदत लवकर भरते, त्यामुळे त्याचा नंबर आधी लागतो.

विंडोजने वेगळा रस्ता धरला. तिथे 0 ते 31 अशा प्राधान्याच्या पायऱ्या आहेत आणि घरगुती आवृत्त्यांत समोरच्या खिडकीतल्या प्रोग्रामला वेळेचा मोठा तुकडा मिळतो. 2017 पासून गेम मोडही आहे. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन गेमला ‘रिअलटाइम’ प्राधान्य देणारे हौशी बरेच भेटतात. पण मग खुद्द सिस्टिमचे थ्रेड उपाशी राहतात आणि माउसच अडकायला लागतो. एएमडीच्या रायझन 9 7950एक्स3डीमध्ये तर सोळापैकी आठच कोअरना जादा कॅश आहे. गेम त्या आठांवरच राहावा, म्हणून विंडोज एक्सबॉक्स गेम बारकडून ‘हा गेम आहे’ असं कळवून घेतं आणि उरलेले आठ कोअर निजवून ठेवतं.

लिनक्समध्ये घरच्या मशीनसाठी भांडणारा माणूस पेशाने भूलतज्ज्ञ होता. ऑस्ट्रेलियाच्या कॉन कोलिवासची तक्रार अशी, की हजारो कोअरच्या मशीनसाठी कर्नल घासूनपुसून घेतलं जातं आणि घरच्या संगणकावर साधा व्हिडिओ अडखळतो. 2009 मध्ये त्याने बीएफएस नावाचा सुटसुटीत शेड्यूलर लिहिला, पुढे मक्स लिहिला. दोन्ही मुख्य कर्नलबाहेरच राहिले. ते वापरायचे तर पॅच लावा, कर्नल पुन्हा कंपाइल करा, मशीन रीस्टार्ट करा.

ही कटकट 2024 च्या 6.12 आवृत्तीतल्या स्केड-एक्स्टने संपवली. आता शेड्यूलर हा बीपीएफ प्रोग्राम म्हणून चालत्या कर्नलमध्ये चढवता येतो. गेम चालू असतानाच टर्मिनलमध्ये एक आज्ञा द्यायची. दुसरा शेड्यूलर ताबा घेतो आणि आलेखाची रेघ तिथल्या तिथे बदलताना दिसते. नव्या शेड्यूलरने एखाद्या कामाला फार वेळ ताटकळत ठेवलं, तर कर्नलचा पहारेकरी त्याला हाकलून मूळ शेड्यूलर परत आणतो. त्यामुळे प्रयोग फसला तरी मशीन बंद पडत नाही. आंद्रेआ रिगीने रस्ट भाषेत लिहिलेला आपला शेड्यूलर असाच दाखवला होता: मागे कर्नलचं कंपाइल, पुढे टेरारिया हा गेम.

स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या सहकार्याने इगालिया कंपनीच्या चांगवू मिनने त्या यंत्रासाठी लिहिलेला लाव्हड हा शेड्यूलर याहून बारकाईने पाहतो. कोणता थ्रेड इतरांना किती वेळा उठवतो आणि स्वतः किती वेळा उठवला जातो, हे मोजून साखळीतली नाजूक कडी तो हुडकतो आणि तिला पुढे काढतो. कोणता प्रोग्राम गेम आहे, हे त्याला सांगावं लागत नाही. काम कमी असेल तेव्हा ते मोजक्या कोअरवर गोळा करून बाकीचे तो झोपू देतो, कारण हातातल्या यंत्राला बॅटरीचाही विचार करावा लागतो.

यात फुकट काहीच मिळत नाही. गेमच्या थ्रेडना पुढे काढलं, की कंपाइल रेंगाळतं. कामाची अदलाबदल वाढली, की कॅशमधला माल वारंवार बदलतो. म्हणून नुसतं ‘हा शेड्यूलर वेगवान’ म्हणून भागत नाही. मागे कोणता भार होता, कोअर किती होते, कंपाइल किती लांबलं, हेही नोंदवावं लागतं.

कोलिवासच्या काळी ओघ सर्व्हरकडून घराकडे होता. 2025 मध्ये मेटाचे इंजिनिअर लिनक्स प्लंबर्स परिषदेत वेगळाच विषय घेऊन उभे राहिले: स्टीम डेकसाठी लिहिलेला लाव्हड आपल्या भल्यामोठ्या सर्व्हरवर कसा चालवायचा.