चिखलातले रणगाडे आणि अण्णाकाकांचा नियम

मागच्या गणेशोत्सवात आपल्या हॉलच्या बाहेर मी पोरांना जमवून एक छोटा रणगाडा चालवून दाखवला होता. तेव्हापासून भेटेल तो दोन प्रश्न विचारतो. एक, हे खेळणं मिळतं कुठे? आणि दोन (हा प्रश्न जरा हळू आवाजात), दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा, बायकामुलीचा माणूस तू, रविवारी उन्हात हे काय करत बसतोस? आज दोन्हीची उत्तरं लिहून टाकतो.

आम्ही सात-आठ जण आहोत. कागदोपत्री क्लब वगैरे नाही, फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात शिकवतो, एक जण भेलमध्ये आहे, आणि दोघं बारावीतली मुलं आहेत, जी आम्हा सगळ्यांना हरवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दर दुसऱ्या रविवारी, कोलार रोडच्या पुढे एका मित्राच्या शेतातल्या पडीक तुकड्यावर आम्ही जमतो. येताना कोणीतरी पोहे-जिलेबी आणतो. तिथे दगड, झुडपं, नांगराच्या जुन्या सऱ्या आणि आपली माळव्याची काळी माती. रिमोटच्या रणगाड्यांना याहून चांगलं रणांगण मिळणार नाही.

खेळ चालतो कसा

आमच्या गाड्या 1:16 या प्रमाणात आहेत, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाइतक्या. दुसऱ्या महायुद्धातला शर्मन जवळजवळ 37 सेंटिमीटरचा होतो, तर आपल्या लष्करातला टी-72 तोफेसकट सुमारे 60 सेंटिमीटरचा. किंमत साधारण एका बऱ्या मोबाइलइतकी. आत दोन मोटरी असतात, डाव्या पट्ट्याला एक आणि उजव्याला एक. स्टिअरिंग नसतं. डावा पट्टा हळू केला की गाडी डावीकडे वळते, आणि दोन्ही उलट फिरवले की जागेवरच गिरकी घेते. खरा रणगाडाही याच तत्त्वावर वळतो.

गोळीबार मात्र दिसत नाही. प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या गाड्याही मिळतात, पण लहान मुलं आजूबाजूला असतात, डोळ्याला लागलं तर काय, म्हणून आम्ही त्या वापरत नाही. आमच्या तोफेतून टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरण निघतो. समोरच्या गाडीच्या टरेटवर एक छोटा गोल रिसीव्हर बसवलेला असतो. त्याला किरण लागला की गाडी हादरते, मार वाढत गेला की तिचा वेग कमी होतो, आणि शेवटी ती बंद पडते. हलकी गाडी थोड्या माराने संपते, पण तिची तोफ पटकन पुन्हा भरते. जड गाडी पुष्कळ मार खाते, पण दोन गोळ्यांमध्ये तिला जास्त थांबावं लागतं. म्हणून नुसती मोठी गाडी आणून कोणी जिंकत नाही.

आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक गंमत. लांबी सोळा पट कमी झाली तर वजन 16 × 16 × 16, म्हणजे 4096 पट कमी व्हायला हवं. 41 टनांच्या रणगाड्याचं मॉडेल त्या हिशोबाने दहा किलोचं भरेल. आमची प्लॅस्टिकची गाडी तीन-चार किलोचीच असते. ताशी 60 किलोमीटरचा वेग सोळाने भागला तर पावणेचार किलोमीटर, म्हणजे आपली चालण्याची गती. आणि एक किलोमीटर अंतर म्हणजे आमच्या शेतात साधारण 62 मीटर. एकदा हे डोक्यात बसलं की समोरचं शेत वेगळंच दिसायला लागतं.

एक तास डोकं खाजवलं, उत्तर छत्रीत होतं

आता अण्णाकाकांबद्दल. हे माझ्या वडिलांचे मावसभाऊ, मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या ईएमई या शाखेत, म्हणजे गाड्या, रणगाडे, तोफा दुरुस्त करणाऱ्या शाखेत, त्यांची नोकरी झाली. आपल्या बैरागढला ईएमईचं केंद्र आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. निवृत्त झाल्यावर काका भोपाळमध्येच राहिले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. नोकरीबद्दल ते गंमतीजमती सांगतात, मेसच्या, बदल्यांच्या, एका खडूस सुभेदाराच्या. 71 च्या लढाईत ते एका वर्कशॉप तुकडीत होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापुढे कधी काही ऐकलं नव्हतं.

माझ्या या खेळाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "चैन आहे तुमची," एवढंच म्हणायचे. बायकोचं म्हणणं अजून सरळ होतं. आमची मुलगी नऊ वर्षांची. "तिला लढाई म्हणजे मजा असं शिकवायचं आहे का तुला?" या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. "अगं, बुद्धिबळसुद्धा लढाईच ना," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेत असे.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मुलीने हट्ट करून काकांना गाडीत बसवलं. त्या दिवशी आम्ही जरा उशिरा, अकराच्या सुमारास सुरू केलं. आणि एकही गोळी लागेना! पाच मीटरवरून समोरासमोर तोफ लावली तरी काही नाही. एक मित्र अस्सल भोपाळीत ओरडला, "को खां, ये तो चलई नई रिया!" मी बीई, रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पोट भरणारा. बॅटरी बदलली, बोर्ड उघडला, वायरी तपासल्या, सेटिंग पुन्हा केली. तास गेला.

अण्णाकाका खुर्चीवरून उठले, आपली काळी छत्री उघडली आणि माझ्या गाडीवर धरली. "आता मार म्हण त्याला."

पहिल्याच गोळीला गाडी हादरली.

उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. भर दुपारी त्या रिसीव्हरचे डोळे दिपतात, आणि त्याला आमचा बारीकसा किरण वेगळा ओळखूच येत नाही. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण बोर्ड उघडायच्या आधी आकाशाकडे बघावं हे सुचलं नाही. "आधी यंत्र कुठे उभं आहे ते बघायचं, मग झाकण उघडायचं," काका म्हणाले. हे वाक्य मी आता ऑफिसात नव्या मुलांना ऐकवतो. तेव्हापासून आमची लढाई सकाळी साडेसातला सुरू होते, नाहीतर ऊन उतरल्यावर.

चिखलात खेमकरण

त्या दिवसापासून काका नियमित यायला लागले. पट्टा किती ताणायचा, दगडावर गाडी तिरपी का न्यायची नाही, हे ते मुलांना दाखवत. डिसेंबरमध्ये बारावीतल्या मुलांनी टूम काढली, की आपण खेमकरणची लढाई खेळू.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. 1965 च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे पंजाबात खेमकरणकडून आत घुसले. आपल्याकडे जुने शर्मन आणि थोडे सेंच्युरियन. समोरासमोर भिडणं परवडणारं नव्हतं. तेव्हा आपल्या फौजांनी असल उत्तर या गावाजवळ घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, शेतात कालव्याचं पाणी सोडलं आणि उसाच्या आड रणगाडे दडवले. 8 ते 10 सप्टेंबरच्या लढाईत पॅटन चिखलात रुतले, उरलेले त्या नालेत सापडले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. निकामी झालेले आणि पकडलेले पाकिस्तानी रणगाडे मोजले तर 97 भरले. भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले तेव्हा त्या जागेचं नावच 'पॅटन नगर' पडलं.

आम्ही आदल्या संध्याकाळी शेताच्या मधल्या पट्ट्यात मोटरचं पाणी सोडलं. सकाळी माझे दोन जड रणगाडे चाल करून निघाले. काळी माती ओली झाली की काय करते ते आपल्याला पावसाळ्यात चपलांवरून कळतंच. दहा पावलांत पट्ट्यांमध्ये गोळे भरले, मोटरी घरघरल्या आणि दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या. खरं तर मॉडेल हलकं असल्यामुळे खऱ्यासारखं खोल रुतत नाही, पट्टेच जाम होतात. पण निकाल तोच. तुरीच्या आडून मुलांच्या तीन हलक्या गाड्या आल्या आणि त्यांनी माझा पाच मिनिटांत निकाल लावला. सगळे टाळ्या वाजवत होते, मीसुद्धा.

माझी मुलगी चिखलातल्या गाडीजवळ उभी होती. तिने विचारलं, "आजोबा, खऱ्या लढाईत आतली माणसं बाहेर येतात ना?"

मी काहीतरी गोड उत्तर द्यायला पुढे झालो. काकांनी हाताने थांबवलं.

"सगळी नाही येत, बाळ," ते म्हणाले.

मग ते बोलले. पहिल्यांदाच. आम्ही सगळे चिखलात उभे राहून ऐकत होतो. त्यांचं काम लढण्याचं नव्हतं. लढाई पुढे सरकली की मागे राहिलेले रणगाडे ओढून आणायचे आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवायचे. तीन-चार माणसं आत, पाय पसरायला जागा नाही, तापलेलं लोखंड, डिझेलचा वास. "गाडी आली की आम्ही आधी इंजिन बघत नव्हतो. आधी आत कोण आहे ते बघायचो. ते झाल्यावरच पाना हातात घ्यायचा." एका गाडीत त्यांच्याच वयाचा मुलगा होता, आदल्या दिवशी त्याने काकांकडून विडी मागून घेतली होती. इतकं सांगून ते थांबले. मुलीने त्यांचा हात धरला. पोहे गार झाले.

घरी जाताना मला वाटलं, संपला आपला खेळ. काका पुन्हा येणार नाहीत, आणि मलाही गाडी हातात घ्यावीशी वाटणार नाही. पण पुढच्या आठवड्यात काकांचाच फोन आला. "तो एक जळालेला पडलाय ना तुझ्याकडे? टरेट काढून टाक. मी येतो."

नवा नियम

दोन संध्याकाळी बसून आम्ही त्या जुन्या गाडीची रिकव्हरी गाडी केली. टरेट नाही, तोफ नाही, मागे एक हुक आणि सायकलच्या ब्रेकची तार. कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअरबॉक्स बसवला. ती माझी मुलगी चालवते. काकांनी नियम घातला: गाडी फोडली तर एक गुण, आपली बंद पडलेली गाडी मैदानाबाहेर ओढून आणली तर दोन. आणि ओढणाऱ्या गाडीवर कोणी गोळी मारायची नाही.

या एका नियमाने खेळ बदलला. आता कोणी उगाच पुढे धावत नाही, कारण मागे ओढून आणायची वाट मोकळी ठेवावी लागते. मागच्या तीनपैकी दोन सामने रिकव्हरीच्या गुणांवर ठरले. बायकोही हल्ली येते. तिचा प्रश्न अजून आहेच, पण आता तो आम्ही चौघं मिळून बोलतो, मुलीसमोर.

मार्चमध्ये परीक्षा संपल्या की आम्ही काकांना घेऊन अहिल्यानगरला जाणार आहोत. तिथे 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, व्हॅलेंटाइनपासून विजयंतापर्यंत. पुण्यात जन्मलेले पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत ज्या 'फामागुस्टा' रणगाड्यात शहीद झाले, तोही अहिल्यानगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. त्यांचं वय होतं 21. आमच्या बारावीतल्या मुलांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे.

तुम्हालाही एकदा खेळून बघायचं असेल तर मंडळात मला गाठा. गाडी नसली तरी चालेल, एक जादा असते. मुलांना जरूर आणा, जुने बूट घालून. चार्ज करताना बॅटरीजवळ कोणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं, एवढी एक अट. आणि घरात कोणी फौजेतले आजोबा असतील तर त्यांनाही आणा. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची ठेवलेली असते. अण्णाकाका तिथेच बसतात, छत्री घेऊन.