खिशातली वीज आणि गिटारचा आवाज

गिटार हे वाद्य गोमंतकाला नवे नाही. येथील घरांतून ते पिढ्यान् पिढ्या वाजत आले आहे. आमच्या विद्यालयाच्या स्नेहसंमेलनातही हार्मोनियम, तबला आणि घुमट यांच्या शेजारी गेली काही वर्षे विजेवर वाजणारी गिटार दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु घुमटाला वीज लागत नाही. या गिटारला लागते. पावसाळ्यात ऐन कार्यक्रमात वीज गेली, किंवा कार्यक्रम देवळाच्या प्रांगणात अथवा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठरला, की बाकीचे वादक वाजवीत राहतात आणि गिटारवाल्या विद्यार्थ्याला हातावर हात ठेवून बसावे लागते. भ्रमणध्वनीसाठी घरोघरी आणलेली पॉवर बँक अशा वेळी कामी येईल काय, असे अनेक विद्यार्थी व पालक आम्हाला विचारतात. आम्ही कलाशाखेचे पदवीधर खरे. परंतु विज्ञानशिक्षकांच्या साहाय्याने, मीटर हाती घेऊन, आम्ही हा विषय समजून घेतला. तोच येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

प्रथम ध्वनिवर्धकाची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची, गरज का पडते ते पाहू. विजेवरच्या गिटारला पोकळ लाकडी पोट बहुधा नसते. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेले तत्त्व ते हेच. पण ही वीज इतकी अल्प असते की तिच्याने कर्णा हलणार नाही. तिला बळ देण्याचे काम ध्वनिवर्धक करतो, आणि ते बळ त्याला बाहेरून पुरवावे लागते.

रोलंड कंपनीचा मायक्रो क्यूब हा लहान ध्वनिवर्धक पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात पेन्सिल सेल सहा बसतात. प्रत्येक सेल १.५ व्होल्टचा, सहा एकापुढे एक जोडले की ९ व्होल्ट झाले. उलट पॉवर बँकेच्या साध्या यू.एस.बी. तोंडातून ५ व्होल्टच मिळतात. खरी अडचण आहे ती येथे.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा घोटाळा अनेकांच्या मनात असतो. घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका नळाला पाण्याचा जोर अधिक. हा जोर म्हणजे व्होल्ट. प्रत्यक्ष किती पाणी वाहील ते तोटी किती उघडली यावर अवलंबून. तो प्रवाह म्हणजे अँपिअर. जोर वरून येतो, प्रवाह मात्र घेणारा आपल्या गरजेपुरता घेतो. यास्तव पॉवर बँकेवर ३ अँपिअर लिहिलेले पाहून ध्वनिवर्धक जळेल असे भय बाळगण्याचे कारण नाही. त्याला लागेल तेवढाच प्रवाह तो ओढील. अँपिअरचा आकडा गरजेपेक्षा मोठा असला तर चालतो, लहान असता कामा नये. व्होल्ट मात्र ध्वनिवर्धकावर छापले असतील तेवढेच हवेत. सर्वांनाच ९ व्होल्ट लागतात असेही नाही. काही लहान ध्वनिवर्धक ६.५ व्होल्टवर चालतात. म्हणून आपल्या यंत्राच्या मागील बाजूची पाटी वाचणे हे पहिले कर्तव्य. ज्या नव्या ध्वनिवर्धकांच्या पोटातच बॅटरी असून ती यू.एस.बी.ने भारित होते, त्यांना तर पॉवर बँक सरळ जोडता येते.

आता ५ चे ९ कसे करावयाचे? त्याला दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग दाब वाढविणाऱ्या केबलचा. तिच्या एका टोकाला यू.एस.बी. आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन असून मध्ये एक चिमुकले मंडल असते. विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवावे तसे ते विजेचा दाब चढविते. अर्थात फुकट काही मिळत नाही. दाब वाढला की त्या प्रमाणात प्रवाह घटतो, आणि थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

दुसरा मार्ग नव्या टाइप-सी पॉवर बँकांचा. त्यांतील ज्यांवर ‘पी.डी.’ ही अक्षरे असतात त्या आरंभी ५ व्होल्टच देतात. पण जोडलेल्या यंत्राने ठरलेल्या सांकेतिक भाषेत मागणी केली तर ९, १५ किंवा २० व्होल्टही देऊ शकतात. गिटारचा ध्वनिवर्धक ही भाषा जाणत नाही. म्हणून त्याच्या वतीने मागणी करणारी खास केबल मिळते. ती घेताना ९ व्होल्टचीच मागावी, आणि आपली पॉवर बँक ९ व्होल्ट देते की नाही हे तिच्यावर वाचून पाहावे. बटणाने दाब बदलणारी केबल मुलांच्या हाती देऊ नये. चुकून २० व्होल्ट गेले तर ध्वनिवर्धकाचे काय होईल, हे सांगावयास नको.

याहून फसवी गोष्ट म्हणजे धन-ऋणाची. बहुतेक विजेऱ्या उपकरणांत गोल पिनेच्या मधल्या छिद्रात धन टोक असते. गिटारची पुष्कळशी उपकरणे नेमकी याच्या उलट, म्हणजे मध्ये ऋण आणि बाहेर धन, अशी असतात. पिन दोन्हींत सारखीच बसते आणि घात तेथेच होतो. उपकरणावर एका वर्तुळात ठिपका काढून त्याच्या दोहों बाजूंस अधिक-उणे चिन्हे दिलेली असतात. मधल्या ठिपक्याला जोडलेले चिन्ह कोणते ते पाहावे, आणि केबलच्या टोकाशी मीटर लावून दाब व दिशा दोन्ही तपासावीत. हे सारे झाल्यावरच ध्वनिवर्धक जोडावा. पालकांनी काटकसर करून घेतलेली वस्तू दोन मिनिटांच्या आळसापायी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

पॉवर बँक किती वेळ पुरेल? हे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. तिच्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो. पण तो आतील लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. दहा अँपिअर-तासांना ३.७ ने गुणले म्हणजे ३७ वॅट-तास झाले. दाब चढविताना सुमारे पाचवा भाग वाया गेला असे धरल्यास ३० वॅट-तास हाती राहतात. ध्वनिवर्धक ९ व्होल्टवर सुमारे २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर तो जवळजवळ २ वॅट झाला. तीसला दोनने भागता १५ तास येतात. आवाज मोठा ठेवल्यास वेळ कमी होईल; तरी एका संमेलनाला ही वीज पुरून उरते, आणि संपलेले पेन्सिल सेल कचऱ्यात टाकण्याचा प्रश्नही उरत नाही.

दोन उपद्रव मात्र ध्यानात ठेवावेत. काही पॉवर बँका प्रवाह फार थोडा वाहू लागला की भ्रमणध्वनी भरला असे समजून आपोआप बंद होतात. म्हणून कार्यक्रमापूर्वी अर्धा तास तरी चालवून पाहावे. दुसरा उपद्रव बारीक शिटीसारख्या आवाजाचा. दाब चढविणारे मंडल सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते, त्याचा अंश कर्ण्यातून ऐकू येतो. तो आवाज कोठून येतो हे शोधण्यासाठी गिटारवरील आवाजाची कळ शून्यावर आणावी. शिटी थांबली तर दोष बहुधा गिटारच्या बाजूने येत आहे; जवळ ठेवलेला भ्रमणध्वनीही कारण असू शकेल. शिटी तशीच राहिली तर ध्वनिवर्धक सेलवर चालवून पाहावा. सेलवर ती नाहीशी झाल्यास दोष बहुधा केबलचा किंवा पॉवर बँकेचा, असे समजावे. एकाच पॉवर बँकेवर ध्वनिवर्धक व इतर उपकरणे जोडल्यानेही असा आवाज येतो. त्यांची वीज वेगवेगळी ठेवावी.

शेवटी सुरक्षिततेविषयी दोन शब्द. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहानशा डबीत एवढी ऊर्जा कोंडलेली आहे, म्हणूनच ती सांभाळून वापरावी. फुगलेली पॉवर बँक तत्काळ वापरातून काढावी. ती उन्हात ठेवू नये, उघडू नये, उशीखाली भारित करू नये. विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे.

विद्यार्थिमित्रांनो, वाद्य शिकणे म्हणजे केवळ बोटे फिरविणे नव्हे. तंबोऱ्याची जवारी लावणारा किंवा घुमटाचे चामडे उन्हाला दाखवून ताणणारा कलावंत आपल्या वाद्याचा स्वभाव जाणून असतो. गिटार वाजविणाऱ्याने विजेचा स्वभाव तसाच जाणून घ्यावा. मग पुढच्या संमेलनात दिवे गेले तरी चिंता नको. घुमटाच्या साथीला गिटारही अखेरपर्यंत वाजत राहील.